जुनं स्वयंपाकघर टप्प्याटप्प्याने नवं करताना : आधी भिंतीच्या आतलं, मग बाहेरचं

आमच्या स्वयंपाकघरात मी दिवाळीच्या आधी नव्या टाइल्स बसवून घेतल्या आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी फोडून घेतल्या. टाइल्स चांगल्या होत्या, बसवणारा मिस्तरीही चांगला होता. मागचा पंचवीस वर्षांचा लोखंडी पाइप तेवढा कुजलेला होता. फाल्गुनात भिंत घामेजल्यासारखी दिसायला लागली, चैत्रात टाइल्सच्या सांध्यांतून पाणी झिरपलं, आणि नणंदा माहेरपणाला यायच्या चार दिवस आधी ओट्यावर मलब्याचा ढीग पडला.

पैसा बेताचा असला की काम तुकड्यांत करावं लागतं. त्यात कमीपणा काही नाही. पण तुकड्यांचा क्रम चुकला की एकच काम दोनदा होतं, आणि दुसऱ्यांदा फोडण्याचे पैसे वेगळे जातात. म्हणून पुढचं सगळं एकाच बेताने लिहिलंय : या वर्षी केलेलं पुढच्या वर्षी फोडावं लागू नये.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या घरांतलं स्वयंपाकघर बहुतेक एकाच साच्याचं असतं. काळ्या कडप्प्याचा ओटा, खाली उघडे कप्पे, ओट्यामागे हातभर पांढऱ्या टाइल्स, कोपऱ्यात मोरी, डोक्यावर माळा, आणि फ्रिजपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांना पुरवणारा एकच प्लग. तुमचंही असंच असेल तर पुढे वाचा.

पहिला महिना : खर्च नाही, फक्त बघणं

पावसाळ्यात भिंती बघून ठेवा. ओल कुठून येते हे श्रावणात जेवढं कळतं तेवढं उन्हाळ्यात कधीच कळत नाही. पोपडे कुठे धरतात, मोरीच्या पलीकडची भिंत कुठपर्यंत काळपट होते, माळ्याच्या कोपऱ्यात बुरशी येते का, हे पेन्सिलीने भिंतीवरच खूण करून ठेवा. आमच्या मिस्तरींनी त्या खुणा बघून एवढंच सांगितलं, "ताई, आठे वल शे (इथे ओल आहे), आठे लाकूड नका लावू." त्या एका वाक्याने माझं एक कपाट वाचलं.

मग माप. मुलांच्या आलेखवहीचं एक पान घ्या, एक चौकोन म्हणजे अर्धा फूट धरा आणि खोली काढा. दार कुठल्या बाजूला उघडतं, खिडकीची चौकट जमिनीपासून किती उंचीवर सुरू होते, तुळई कुठे आहे, सगळं त्यात येऊ द्या. दुकानात गेल्यावर हे पान जितकं कामाला येतं तितके मोबाइलमधले सुंदर फोटो येत नाहीत.

शोरूममधल्या स्वयंपाकघरात चार कप, दोन पास्त्याच्या बरण्या आणि एक रोपटं असतं. आपल्याकडे वर्षाची ज्वारी आणि गहू भरलेली कोठी असते, बिबडे-पापडांचे पिंप असतात, मिरचीचा डबा असतो, मोठ्या पंगतीचं पातेलं असतं, आणि अमळनेरच्या वनस्पती तुपाचा एखादा जुना पत्र्याचा डबाही माळ्यावरून निघतो. (तो कारखाना १९४५ सालचा, पुढे त्याचीच विप्रो झाली. आमच्या डब्यात आता खिळे असतात.) हे सगळं एकदा बाहेर काढून अंगणात मांडा. रोज लागणारं, आठवड्याला लागणारं आणि सणाला लागणारं, असे तीन ढीग करा. कपाटं किती हवीत हे रोजच्या ढिगावरून ठरतं. सणाच्या ढिगासाठी माळा पुरे.

आणखी एक. खापरावरचे मांडे, पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या वाळल्या काड्यांवर) भाजलेली भरताची वांगी, उन्हाळ्यातले बिबडे, यांतलं काहीही नव्या ओट्यावर होणार नाही. त्यांची चूल परसदारी किंवा गच्चीवरच राहू द्या. "सगळं आत झालं पाहिजे" असा हट्ट धरला की खर्च दुप्पट होतो आणि धूर घरात येतो.

काम कधी काढायचं

आपल्याकडे तोडफोडीला सगळ्यात बरे दिवस म्हणजे दिवाळीनंतरपासून होळीपर्यंतचे. कापसाचे पैसे हातात आलेले असतात, हवा थंड असते, आणि चार-आठ दिवस मागच्या ओसरीत गॅस मांडून स्वयंपाक करता येतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना गिलावा करू नका. सिमेंटला ओल टिकली तरच ते घट्ट होतं. उन्हाच्या झळांनी वरचं पाणी उडून जातं, बारीक भेगा पडतात, आणि दिवसातून तीनदा भिंत भिजवायला पाणी आणायचं कुठून? त्याच महिन्यात वाळवणं आणि लग्नसराई असते, म्हणजे मिस्तरी मिळत नाही आणि तुम्हाला उसंत नसते.

घरी कानबाई (श्रावणात बसणारी आपली खानदेशी देवी) बसत असेल तर श्रावणात स्वयंपाकघर पूर्ण चालू हवं. साऱ्या भाऊबंदांचे नैवेद्याचे रोट अर्धवट ओट्यावर होत नाहीत.

पैशाचं गणित साधं ठेवा. दर मी मुद्दाम लिहीत नाही, ते तालुक्यागणिक बदलतात. तीन ठिकाणी विचारा. प्रमाण मात्र सांगते. आमच्या दर १०० रुपयांतले साधारण ३० पाणी-वीज-ओल यांत गेले, २५ ओटा आणि सिंकमध्ये, १५ टाइल्समध्ये, आणि उरलेले ३० कपाटं आणि ट्रॉल्यांमध्ये. प्रत्येक टप्प्यात दहा-पंधरा टक्के रक्कम बाजूला ठेवा. जुनी भिंत फोडल्यावर आतून काय निघेल, हे फोडल्याशिवाय कळत नाही. तोडफोड रोजंदारीवर द्या, कारण तिचा अंदाज कुणालाच येत नाही. टाइल्स आणि ओटा मात्र उक्तं द्या, आणि मलबा उचलणं त्यात धरलंय का, हे आधीच विचारून घ्या. आमचा मलबा अंगणात तीन आठवडे पडून होता.

पहिला टप्पा : पाणी, सांडपाणी, वीज

या टप्प्यात दिसण्यासारखं काहीच होत नाही. पाहुणे येतात, "काम काढलं होतं ना?" विचारतात, आणि दाखवायला गिलाव्याचे पट्टे असतात. तरी सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या.

गळती आहे का ते आधी तपासा. रात्री घरातले सगळे नळ घट्ट बंद करा, गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करा आणि सकाळी बघा. पातळी उतरली असेल तर पाणी कुठेतरी भिंतीत मुरतंय. जुने लोखंडी पाइप आतून गंजून बारीक होतात, बोरचं जड पाणी असेल तर क्षारही साचतात. तसे असतील तर स्वयंपाकघरापुरते तरी सगळे बदला, अर्धे जुने अर्धे नवे ठेवू नका. सीपीव्हीसीचे (एका प्रकारच्या प्लास्टिकचे) पाइप गरम पाण्यालाही चालतात. बऱ्याच गावांत नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून सिंकवर दोन ओळी आणून ठेवा : एक टाकीची, एक थेट नळाची. पाणी येईल त्या दिवशी पिण्याचं थेट भरता येतं.

पाइप बसवले की लगेच गिलावा करू देऊ नका. टोकांना बूच लावून, पाणी भरून, चोवीस तास तसंच ठेवा. मिस्तरी घाई करेल, दुसऱ्या साइटवर जायचंय म्हणेल. एक दिवस थांबा. अशाच घाईपायी माझ्या टाइल्स गेल्या.

बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो घ्या, आणि फोटोत मापाची टेप धरा. पुढे भिंतीत खुंटी ठोकताना पाइप नेमका कुठून गेलाय हे त्यावरून कळतं.

सांडपाण्याच्या पाइपला दर ४ फुटांना किमान १ इंच उतार हवा. सिंकखाली ट्रॅप, म्हणजे पाणी धरून ठेवणारं वळण, असलंच पाहिजे. त्या थोड्या साचलेल्या पाण्यामुळे गटाराचा वास आणि झुरळं वर येत नाहीत. मोरी बंद करून सगळं सिंकवर आणायचा मोह होईल. आम्ही मोरी ठेवली. पंगतीचं पातेलं सिंकमध्ये मावत नाही.

विजेचं काम मान्यताप्राप्त वायरमनकडूनच करा, आणि पहिला प्रश्न अर्थिंगचा विचारा. जुन्या घरांत तीन भोकांचा प्लग असतो, पण तिसऱ्या भोकामागे कित्येकदा काहीच नसतं. दिव्याला दीड चौरस एमएमची, साध्या प्लगला अडीचची आणि ओव्हन किंवा गीझरसारख्या जड उपकरणाला चारची तांब्याची वायर असा ढोबळ हिशोब असतो. फ्रिजला स्वतंत्र प्लग द्या. ओट्यावर किमान तीन प्लग हवेत, पण शेगडीच्या मागे नको आणि सिंकच्या वर नको. ओल्या हाताने मिक्सर लावणारं घर आपलं, तेव्हा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवाच. शॉक बसायच्या बेतात असताना तो क्षणात वीज तोडतो.

भिंत फोडलेलीच आहे, तर आज न घेतलेल्या वस्तूंची जागाही आजच करून ठेवा. पुढेमागे चिमणी घ्यायची असेल तर शेगडीच्या वर, बाहेरच्या भिंतीत ६ इंची भोक पाडून त्याला झाकण लावा. पाणी शुद्ध करायच्या यंत्रासाठी एक प्लग आणि एक जादा नळी काढून ठेवा. आज यांना जवळपास काहीच लागत नाही. टाइल्स लागल्यावर यातल्या प्रत्येक गोष्टीला भिंत फोडावी लागते.

चिमणी नसेल तर एक्झॉस्ट पंखा आत्ताच बसवा. शेवभाजीच्या रश्श्याला लाल मिरचीची फोडणी बसली की शेजारच्या गल्लीत ठसका लागतो, हे खानदेशात कुणाला सांगायला नको. साधारण ८ बाय १० च्या खोलीला ९ इंची पंखा पुरतो. तो उंचावर, शेगडीजवळ, आणि दाराच्या समोरच्या भिंतीत असावा, म्हणजे दारातून आलेली हवा शेगडीवरून बाहेर जाते. दार-खिडक्या सगळ्या बंद ठेवून पंखा लावला तर तो नुसता आवाज करतो. भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात आत उभं राहायचं तर वाराही लागतो, पण छताच्या पंख्याने गॅसची ज्योत फडफडते. त्याऐवजी तुमच्या पाठीवर वारा येईल असा भिंतीवरचा छोटा पंखा लावा.

दुसरा टप्पा : ओटा

ओट्याची उंची स्वयंपाक करणाऱ्या माणसावरून ठरते, मिस्तरीच्या सवयीवरून नाही. सरळ उभ्या राहा, कोपर दुमडा, कोपरापासून जमिनीपर्यंतचं माप घ्या आणि त्यातून ५ ते ६ इंच वजा करा. माझं माप ३४ इंचांच्या वर आलं, सासूबाईंचं ३२ च्या आत. जुना ओटा २९ इंचांचा होता, आणि वीस वर्षं आम्ही दोघी कंबर दुखते म्हणून बाम चोळत होतो. शेवटी ३३ वर तडजोड झाली. शेगडी ओट्यावर ठेवली की तिची पाच-सहा इंच उंची वर येते, हे विसरू नका. वरणाचं पातेलं ढवळताना खांदा उचलावा लागत असेल तर ओटा उंच झालाय.

कडप्पा चांगला की ग्रॅनाइट? कडप्पा हा चुनखडीचा दगड, म्हणून लिंबू, चिंच, ताक सांडलं की त्याची चकाकी जाते आणि पांढरे डाग पडतात. ग्रॅनाइटला तेवढा त्रास होत नाही. वरचा पृष्ठभाग ग्रॅनाइटचा घ्या, आणि जुना कडप्पा टाकून देऊ नका. आम्ही तो कापून ओट्याखालच्या उभ्या पडद्या केल्या. लाकडाचा खर्च वाचला, आणि दगडाला वाळवी लागत नाही.

खालचा आधार भक्कम असेल तर जुन्या कडप्प्यावरच ग्रॅनाइट चिकटवता येतो. चावीने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर काढावाच लागेल. चिकटवल्याने उंची साधारण इंच-दीड इंच वाढते, ती हिशोबात धरा. दुकानात मागच्या बाजूला मोठ्या कामांतून उरलेले तुकडे उभे असतात, ते स्वस्तात मिळतात. ७-८ फुटांच्या ओट्याला एखादा सलग तुकडा सापडतो. जोड द्यावाच लागला तर तो सिंकच्या भोकापाशी घेऊ नका, दगड तिथेच तडकतो. पुढच्या कडेच्या खालच्या बाजूला एक बारीक खाच मारून घ्या. ओट्यावरचं पाणी त्या खाचेशी थांबून खाली टपकतं, कपाटाच्या दारावर ओघळत नाही. मिस्तरी स्वतःहून ती मारत नाहीत, सांगावं लागतं. रंगाचं म्हणाल तर बोरचं पाणी वापरणाऱ्यांनी अगदी काळा ग्रॅनाइट घेऊ नये. प्रत्येक थेंब वाळला की पांढरा ठिपका राहतो. ठिपक्याठिपक्यांचा करडा-तपकिरी दगड दिसायला साधा, पण सगळं पोटात घालतो.

गॅस सिलिंडर ओट्याखाली बंद कपाटात कोंडू नका. हा वायू हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून त्या कप्प्याच्या दाराला तळाशी जाळी हवी. सिलिंडर उभाच आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर असावी. रबरी नळी भिंतीत गाडायची नाही, ती डोळ्यांना दिसली पाहिजे, आणि दर पाच वर्षांनी बदलायची. जागा बदलताना एजन्सीच्या माणसाला बोलवा. गळतीचा संशय आला तर दिव्याचं बटण खालीवर न करता दारं उघडा, रेग्युलेटर बंद करा आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन लावा.

तिसरा टप्पा : टाइल्स

इथे पटकन पुढे जाऊ या. ओट्यामागे २ फूट उंची पुरते. आमचा ओटा ८ फूट, शिवाय एका बाजूची २ फूट भिंत, म्हणजे १० गुणिले २, २० चौरस फूट. १२ बाय १८ इंचांची एक टाइल दीड चौरस फुटाची. १४ नग लागतात, तुटफूट धरून १६. आडव्या लावल्या तर दोन ओळींत बरोबर २४ इंच होतात, कापाकापी वाचते. जास्तीचे दोन-तीन नग माळ्यावर ठेवा, दोन वर्षांनी तोच रंग मिळत नाही. शेगडीच्या मागच्या सांध्यांत एपॉक्सी भरा. साधं पांढरं ग्राउट हळदीच्या एका फोडणीत पिवळं पडतं.

जमीन? शहाबादी असेल तर राहू द्या. घासून पॉलिश करून घ्या, नव्या फरशीच्या मानाने खर्च फारच कमी येतो. उन्हाळ्यात दुपारी त्या फरशीवर पाय टेकवले की तिची किंमत कळते. काढायचीच असेल तर चकचकीत घेऊ नका, तेलाचा थेंब पडला की पाय घसरतो.

चौथा टप्पा : कपाटं आणि ट्रॉल्या

लाकूड सगळ्यात शेवटी. ओल पूर्ण वाळल्याशिवाय सुताराला घरात घेऊ नका. प्लायवर आयएस ७१० चा शिक्का बघा, तो पाण्याला टिकणारा प्रकार. नुसत्या "वॉटरप्रूफ" या शब्दावर जाऊ नका. आणि जिथे श्रावणात पेन्सिलीची खूण केली होती, तिथे लाकूड लावूच नका.

स्टीलच्या ट्रॉलीबाबत एक गैरसमज आहे. दुकानदार चुंबक लावून दाखवतो, चिकटत नाही, म्हणून "३०४ आहे" (म्हणजे चांगल्या प्रतीचं स्टील) म्हणतो. पण स्वस्तातलं २०२ सुद्धा चुंबकाला चिकटत नाही. तेव्हा बिलावर ग्रेड लिहून घ्या. कडप्प्याच्या पडद्या उभ्या करण्याआधी दुकानातून ट्रॉल्यांची तयार मापं आणा आणि पडद्यांमधलं अंतर त्या मापाने ठेवा. उलट केलंत तर प्रत्येक ट्रॉली वेगळी बनवून घ्यावी लागते.

सगळ्या ट्रॉल्या एकदम घ्यायची गरज नाही. पहिली ताट-वाट्यांची, दुसरी डब्यांची, तिसरी चमचे-झाऱ्यांची. कोठीला ट्रॉली नको, तिला ओट्याच्या टोकाला मोकळी जागा ठेवा, जमिनीपासून चार इंच उंच दगडावर. वरची कपाटं ओट्यापासून २० ते २४ इंचांवर घ्या, आणि सर्वात आधी शेगडीपासून लांबची.

आमच्याकडे खालच्या तीन ट्रॉल्या झाल्या आहेत, वर सांगाडा उभा आहे आणि त्याला अजून दारं नाहीत. सासूबाईंनी जुन्या नऊवारीचा पडदा शिवून तारेवर सोडलाय. दारांचं माप सुताराकडे देऊन ठेवलंय, पुढच्या कापसावर.